पान आहे, पण गूगलला दिसत नाही: पुन्हा पुन्हा येणाऱ्या एका तक्रारीचा माग

"अगं, आपलं वाचनालय गूगलवरून परत गायब झालंय."

दर तीन-चार महिन्यांनी, बहुतेक रविवारी सकाळी, हा फोन येतो. फोन करणारे काका एका तालुक्याच्या गावातल्या जुन्या वाचनालयाचे सेक्रेटरी. साइट मी करून दिलेली, त्यामुळे हरवली की शोधायचीही मीच. पहिल्या दोन वेळा मी सर्च कन्सोल (साइटवाल्यांसाठी गूगलचं फुकट साधन) उघडलं, महत्त्वाची पानं एकेक करून 'रिक्वेस्ट इंडेक्सिंग'ला टाकली, काही दिवसांत त्यातली काही परत दिसायला लागली आणि मी विषय सोडून दिला. तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा लक्षात आलं, की मी गळणारं कौल बघतच नव्हते, नुसती खाली बादली ठेवत होते.

तिसऱ्या वेळी जे केलं ते इथे लिहून ठेवतेय. साइट वर्डप्रेसवर (साइट बनवायच्या तयार सॉफ्टवेअरवर) आहे, पण यातलं बरंचसं कुठल्याही साइटला लागू पडेल.

आधी, पान खरंच गायब आहे का?

काकांची तपासणी अशी: फोनवर 'वाचनालय' आणि गावाचं नाव टाकायचं, पहिल्या चार-पाच निकालांत आपण दिसलो नाही की गायब. आता इंडेक्समध्ये, म्हणजे गूगलने साठवलेल्या पानांच्या यादीत, नसणं वेगळं आणि इंडेक्समध्ये असून खाली कुठेतरी पडून असणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराला या पोस्टमधलं काहीही उपयोगी नाही.

आपल्यासारखे थोडे जाणकार लोक दुसरी चूक करतात. 'साइट' हा शब्द, अपूर्णविराम आणि डोमेन टाकून किती निकाल येतात ते मोजतात. तो आकडा ढोबळ अंदाज असतो, सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा येऊ शकतो. इंडेक्समध्ये असलेलं प्रत्येक पान त्या यादीत येईलच असंही नाही. त्यावरून 'आमची निम्मी पानं उडाली' असं ठरवू नका.

भरवशाची जागा एकच: सर्च कन्सोलमधलं 'यूआरएल इन्स्पेक्शन'. पानाचा पूर्ण पत्ता टाकायचा. तिथेही एक गोम आहे. पहिल्यांदा जे उत्तर येतं ते इंडेक्समधलं, म्हणजे गूगल मागे कधीतरी येऊन गेलं तेव्हाचं. त्यात 'लास्ट क्रॉल'ची तारीख असते, ती आधी वाचा. कोपऱ्यातलं 'टेस्ट लाइव्ह यूआरएल' दाबलं की दुसरं उत्तर येतं, ते आत्ताचं. पहिलं लाल आणि दुसरं हिरवं आलं की लोक म्हणतात गूगल खोटं बोलतंय. खोटं कोणीच बोलत नसतं, एक उत्तर मागच्या महिन्यातलं असतं एवढंच.

'पेज इंडेक्सिंग'चा मोठा रिपोर्ट तर त्याहून शिळा. त्याचा आलेख काही दिवस मागेच थांबलेला असतो, आणि कुठल्याही कारणाखाली नमुन्याला जास्तीत जास्त १,००० पत्ते दाखवतो. वर करड्या रंगात 'नॉट इंडेक्स्ड'चा आकडा असतो. वाचनालयाच्या साइटचा हा आकडा इंडेक्स झालेल्या पानांहून मोठा आहे. तो बघून काका हबकले होते. "निम्म्याहून जास्त नापास?" नापास नाहीत काका, हजेरीपटावरची दुबार नावं आहेत ती. एचटीटीपीवरून एचटीटीपीएसला वळवलेले पत्ते, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावलेले आणि न लावलेले, फीडचे पत्ते, शेवटी प्रश्नचिन्ह आणि काहीबाही जोडलेले. 'पेज विथ रीडायरेक्ट' आणि 'ऑल्टरनेट पेज विथ प्रॉपर कॅनॉनिकल टॅग' (कॅनॉनिकल म्हणजे सारख्या पानांतलं खरं धरायचं पान) या दोन ओळींखाली तुमची हवी असलेली पानं नसतील, तर तिकडे ढुंकूनही बघू नका.

दाराला कुलूप, चिठ्ठी आत

खरंच गायब असेल तर सगळ्यात आधी स्वतःचीच चूक शोधायची. वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये 'रीडिंग'खाली सर्च इंजिनांना परावृत्त करणारा एक चौकोन असतो. साइट बनत असताना त्यावर टिक करतात आणि उद्घाटनाच्या गडबडीत काढायची राहते. मी स्वतः एकदा हे केलंय, म्हणून आता आधी तेच बघते. वर्डप्रेस ५.३ पासून या टिकेमुळे प्रत्येक पानात 'नोइंडेक्स' टॅग जातो. त्याआधी रोबोट्स डॉट टीएक्सटी फाइलीत मनाई लिहिली जायची.

हा फरक बारीक वाटेल, पण बरीच गुंतागुंत इथेच होते. रोबोट्स फाइल सांगते 'या पानाकडे येऊ नका'. नोइंडेक्स सांगतो 'या, बघा, पण यादीत घालू नका'. तो टॅग पानाच्या आत असतो, म्हणजे तो वाचायला गूगलला पानापर्यंत यावं लागतं. दोन्ही एकदम लावले की दाराला कुलूप आणि चिठ्ठी घरात अशी गत होते. गूगल आत येत नाही, चिठ्ठी वाचत नाही, आणि बाहेरच्या कुठल्या लिंकवरून पत्ता कळला असेल तर नुसता पत्ता यादीत टाकून देतं. मग शोधात तुमचं पान दिसतं, पण खाली वर्णनाऐवजी माहिती उपलब्ध नसल्याची ओळ. रिपोर्टमध्ये याचं नाव 'इंडेक्स्ड, दो ब्लॉक्ड बाय रोबोट्स डॉट टीएक्सटी'. पान काढायचं असेल तर आधी कुलूप काढा. आणि रोबोट्स फाइलीतच नोइंडेक्स लिहायची जुनी युक्ती कुणी सांगितली तर ऐकू नका, गूगलने १ सप्टेंबर २०१९ पासून ती मानणं बंद केलंय.

नोइंडेक्स पानाच्या सोर्समध्ये सापडला नाही, तरी रिपोर्ट तो आहे म्हणत असेल, तर सर्व्हरच्या हेडरमध्ये, म्हणजे पानाबरोबर सर्व्हर पाठवतो त्या सूचनांत, शोधा. 'एक्स-रोबोट्स-टॅग' नावाचा हेडर पानात कुठेच दिसत नाही. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये 'नेटवर्क' उघडून पहिल्या ओळीचे हेडर वाचले की दिसतो. चाचणीच्या सर्व्हरवरून साइट उचलून खऱ्या सर्व्हरवर ठेवताना ही ओळ बरोबर येते.

वाचनालयाच्या साइटवर यातलं काहीच नव्हतं.

सगळ्या पानांचं वजन सारखं

रिपोर्ट म्हणत होता: 'डुप्लिकेट, गूगल चोज डिफरंट कॅनॉनिकल दॅन यूजर'. म्हणजे हे पान दुसऱ्या एका पानासारखंच आहे आणि आम्ही ते दुसरं खरं धरलंय. सभासदत्वाच्या पानाची तपासणी केली तर गूगलने 'खरं' म्हणून निवडलेलं पान होतं वार्षिक सभेच्या वृत्तांताचं. ग्रंथयादीसाठीही तेच. या तीन पानांत वाचनालयाच्या नावापलीकडे एक ओळ सारखी नाही. गूगलचं डोकं फिरलंय असं म्हणून मी पहिल्या दोन वेळा इथेच थांबले होते, कारण लाइव्ह टेस्ट प्रत्येक वेळी हिरवी यायची. स्क्रीनशॉटमध्ये पान व्यवस्थित, चित्रांसकट.

तिसऱ्या वेळी होस्टिंगच्या पॅनेलमधून ॲक्सेस लॉग (कोणी काय मागितलं, काय मिळालं याची सर्व्हरची नोंदवही) उतरवला आणि त्यात 'गूगलबॉट', म्हणजे पानं वाचत फिरणारा गूगलचा प्रोग्राम, शोधला. ओळी अशा होत्या: मुखपृष्ठ, २००, ६,२१४ बाइट्स. सभासदत्व, २००, ६,२१४. ग्रंथयादी, २००, ६,२१४. मी खाली खाली जात राहिले. १९९८ च्या स्मरणिकेची पीडीएफ, जी माझ्या माहितीने काही एमबीची आहे, तिच्यापुढेही २०० आणि ६,२१४.

सहा किलोबाइटची स्मरणिका! तेव्हा पेटली ट्यूब. गूगलबॉटने काहीही मागितलं तरी सर्व्हर एकच पान हातात देत होता: होस्टिंगवाल्यांच्या फायरवॉलचं (नको त्या पाहुण्यांना अडवणाऱ्या पहारेकऱ्याचं) 'तुम्ही माणूस आहात याची खात्री करत आहोत' हे पान. तेही 'सगळं ठीक' असं सांगणाऱ्या २०० या कोडसह. मग गूगलने काय करावं? पन्नास पत्त्यांवर हुबेहूब तोच मजकूर दिसला, तर ती पन्नास पानं एकमेकांची नक्कल आहेत असंच कुणीही म्हणेल. त्याने त्यातलं एक ठेवलं, बाकीची बाजूला काढली. मी उगाच शिव्या घातल्या होत्या.

लाइव्ह टेस्ट मग हिरवी कशी यायची? कारण ती गूगलबॉटच्या नावाने येत नाही. २०२३ पासून तिचं नाव वेगळं आहे, 'गूगल-इन्स्पेक्शनटूल'. फायरवॉलचा नियम गूगलबॉटच्या येण्याच्या वेगावर लागत होता, आणि हा दुसरा पाहुणा एखादंच पान मागून निघून जायचा. त्याला कोणी अडवलं नाही. लाइव्ह टेस्ट हिरवी आहे म्हणजे गूगलबॉटलाही पान मिळतंय, असं मी तरी आता धरत नाही. लॉग बघते. लॉग मिळत नसेल तर सर्च कन्सोलच्या सेटिंग्जमध्ये 'क्रॉल स्टॅट्स' असतं, त्यात मागच्या ९० दिवसांत काय मागितलं, काय कोड मिळाला, एकूण किती वजनाचा मजकूर उतरवला याचा गोषवारा मिळतो. मागण्या तेवढ्याच असून एकूण वजन एके दिवशी धाडकन खाली आलेलं दिसलं की समजा काहीतरी शिजतंय.

लॉगमध्ये गूगलबॉट असं लिहिलेला प्रत्येक जण खरा नसतो, नाव कुणीही लावतं. आयपीवरून (यंत्राच्या आकडी पत्त्यावरून) उलटा डीएनएस शोध घ्यायचा, म्हणजे त्या पत्त्याचं नाव काढायचं. नाव 'गूगलबॉट डॉट कॉम' किंवा 'गूगल डॉट कॉम'ने संपायला हवं, आणि त्या नावावरून परत तोच आयपी यायला हवा. याच कारणासाठी, आपल्या लॅपटॉपवरून गूगलबॉटचं सोंग घेऊन साइट उघडून बघायचा प्रयोग फसवा आहे. फायरवॉल चांगली असेल तर ती तोतयाला अडवणारच, आणि तुम्ही नसलेल्या दुखण्यामागे लागाल.

होस्टिंगच्या मदतकेंद्राने पहिलं उत्तर दिलं, "आमच्याकडून गूगलबॉट ब्लॉक नाही." लॉगच्या दहा ओळी चिकटवून पाठवल्या तेव्हा दुसऱ्या दिवशी सूर बदलला. आणि दर तीन-चार महिन्यांनी हे का होतं तेही कळलं. आधीच्या वेळी कुणीतरी गूगलचे आयपी पत्ते हाताने परवानगीच्या यादीत चिकटवले होते. गूगल हे पत्ते एका फाइलीत जाहीर करतं आणि ती फाइल बदलत असते. नवे पत्ते आले की चिकटवलेली यादी जुनी होते, फायरवॉल पुन्हा हटकायला लागते, आणि काही आठवड्यांनी काकांचा फोन. आता परवानगी डीएनएसच्या पडताळणीवर आहे, हाताने चिकटवलेली यादी काढून टाकलीय.

याचंच एक भावंड आपल्याकडे बरंच दिसतं. साइटवर कधीतरी हल्ला झाला की 'फक्त भारतातून उघडेल' असं कुलूप लावतात. गावाच्या वाचनालयाला परदेशी वाचक कशाला हवेत, हा विचार चुकीचा नाही. पण गूगलबॉट मुख्यतः अमेरिकेतल्या पत्त्यांवरून येतो. तुम्हाला, मला, काकांना साइट छान उघडते, आणि गूगलला दार बंद. ज्यांचे नातेवाईक बाहेर आहेत त्यांनी त्यांना एकदा साइट उघडायला सांगावं. काकांच्या पुतण्याने न्यू जर्सीतून पाठवलेला स्क्रीनशॉट मला लॉगइतकाच उपयोगी पडला.

जाता जाता: अडवायचंच असेल तर कोड खरा द्या. तात्पुरतं बंद असेल तर ५०३. मात्र रोबोट्स फाइलीला जपा. ती मागताना ४०३ (मनाई) मिळालं तर गूगल समजतं की अशी फाइलच नाही, सगळं मोकळं. पण ५०३ मिळालं तर ते साइटवर येणंच थांबवतं.

आपल्या लिपीची दुखणी

वाचनालयाच्या रिपोर्टात 'नॉट फाउंड ४०४'खाली एक पत्ता होता, 'पदाधिकाऱ्यांची-यादी'. मी तो वाचून हाताने टाइप केला तर पान उघडलं. रिपोर्टमधल्या पत्त्यावर टिचकी मारली तर ४०४. डोळ्यांना दोन्ही पत्ते अगदी सारखे. घोळ 'ऱ्या'त होता. हा अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिला जातो: एका कीबोर्डवर 'ऱ' हे वेगळं अक्षर, हलंत आणि य. दुसऱ्यावर साधा र, हलंत, मग न दिसणारा जोडणारा वर्ण आणि य. पडद्यावर एकच आकृती, यंत्राच्या लेखी दोन वेगळे शब्द. काकांनी मुखपृष्ठावरची लिंक स्वतःच्या कीबोर्डवरून टाइप केली होती. 'ॲ'चंही तसंच, एक सबंध अक्षर आणि एक 'अ'वर चंद्र चढवून केलेलं. देवनागरी पत्त्याची लिंक कधीही हाताने टाइप करू नका, पान उघडून पत्ता उचला आणि चिकटवा.

देवनागरी पत्ते गूगलला चालत नाहीत, हा समज मात्र सोडून द्या. व्यवस्थित चालतात. अडचण वर्डप्रेसला येते. पत्त्यात एक देवनागरी वर्ण टक्केवारीच्या चिन्हांसकट ९ अक्षरांची जागा खातो, आणि वर्डप्रेस पानाच्या नावाला २०० जागा देतं. म्हणजे काना, मात्रा, हलंत मोजून जेमतेम २२ वर्ण. 'वाचनालयाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेचा वृत्तांत' या शीर्षकाचा पत्ता 'वाचनालयाच्या-वार्षिक-सर्' इथे तुटतो. मोजून बघा. शेवटी लिहिलेलं साल कापलं जातं, त्यामुळे पुढच्या वर्षीच्या वृत्तांताला नुसता २ चिकटतो, त्यापुढच्याला ३. इंडेक्सिंग याने अडत नाही, पण रिपोर्टमध्ये कुठलं वर्ष गळालंय हे ओळखता ओळखता जीव जातो. पत्ता स्वतः लिहा, छोटा.

याहून जुनं आणि अवघड दुखणं म्हणजे युनिकोडपूर्व फाँट. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी, असले फाँट देवनागरी दाखवतात, पण आत साठवतात रोमन अक्षरं. कृतिदेवमधला 'मराठी' हा शब्द यंत्राला 'ई, जे, के, मोठा बी, एच' असा दिसतो. अशा फाइलीतून केलेली पीडीएफ इंडेक्स होते, रिपोर्ट हिरवा असतो, तक्रार कुठेच नाही, आणि तरी मराठीत शोधून ती सापडत नाही. तपासणी सोपी आहे. पीडीएफमधली एक ओळ निवडा, कॉपी करा, वॉट्सॲपमध्ये चिकटवा. देवनागरी उमटली तर ठीक. कचरा उमटला तर गूगललाही तोच कचरा दिसतोय. वाचनालयाच्या जवळजवळ सगळ्या स्मरणिका अशा निघाल्या.

उरलेलं, भराभर

साइटमॅप (साइटच्या पत्त्यांची यादी) पाठवला म्हणजे पानं घेतलीच पाहिजेत असं गूगलवर बंधन नाही. एका फाइलीत ५०,००० पत्ते आणि ५० एमबी ही मर्यादा आहे, गावाच्या वाचनालयाला तिची काळजी नको. त्यात वळवलेले किंवा नोइंडेक्स लावलेले पत्ते नाहीत ना, एवढं बघा. महत्त्व आणि बदलाची वारंवारता भरण्यात वेळ घालवू नका, गूगल ते वाचत नाही.

'सॉफ्ट ४०४' म्हणजे पानावर 'काहीही आढळले नाही' लिहिलंय, पण कोड २०० चा. रिकाम्या वर्गवाऱ्या बहुधा यात सापडतात.

डोमेन बदलल्यावर कॅनॉनिकल टॅग जुन्याच डोमेनकडे बोट दाखवत राहतो, हे एसईओ प्लगइन (शोधात नीट दिसण्यासाठीची जोडणी) वापरणाऱ्यांनी जरूर तपासावं. आणि साइट फोनवर उघडा. जुलै २०२४ पासून मोबाइलवर न उघडणारी साइट गूगल घेतच नाही.

तुम्ही कधी न लिहिलेली जपानी शीर्षकं तुमच्या डोमेनखाली दिसली तर हे सगळं बाजूला ठेवा, साइटमध्ये कोणीतरी घुसलंय.

राहिलं 'क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड'. गूगल आलं, पान पाहिलं, ठेवलं नाही. वरचं सगळं नीट असेल तर इथे दुरुस्त करायला काही नसतं. वाचनालयाची 'या महिन्यातील नवीन पुस्तके' ही पानं अशीच राहिली, कारण प्रत्येकात पुस्तकांची सात-आठ नावं आणि बाकी काही नाही. मी ती एका वर्षाच्या एका पानात गोळा केली. 'रिक्वेस्ट इंडेक्सिंग' पुन्हा पुन्हा दाबून पान लवकर जात नाही, दिवसाचा कोटा तेवढा संपतो. पैसे घेऊन 'चोवीस तासांत इंडेक्स' करून देणारे बहुतेक जण गूगलच्या इंडेक्सिंग एपीआयचा (प्रोग्रामने थेट पत्ता कळवायच्या सोयीचा) आधार घेतात. ती सोय फक्त नोकरीच्या जाहिराती आणि थेट प्रक्षेपणाच्या पानांसाठी आहे. बिंग या दुसऱ्या सर्च इंजिनासाठी मात्र २०२१ साली आलेलं इंडेक्सनाऊ (पान बदललं की कळवायची सोय) खरंच कामाचं आहे, प्लगइन टाकून मोकळं व्हा. गूगल ते मानत नाही.

दुरुस्ती झाल्यावर रिपोर्टमध्ये 'व्हॅलिडेट फिक्स' दाबलं. त्याला दोन आठवडे लागतात, कधी जास्तही. तिसऱ्या दिवशी काकांचा फोन आलाच, "अजून तेच दिसतंय." मी त्यांना लॉगमधली एक ताजी ओळ वाचून दाखवली: गूगलबॉट, ग्रंथयादी, २००, ४८,९०२ बाइट्स. "म्हणजे?" "म्हणजे तो आत येऊन पुस्तकं चाळतोय."

पानं आली. स्मरणिका राहिल्यात. श्रीलिपीतून युनिकोडमध्ये बदलण्याचं काम वाचनालयात येणारी कॉलेजची दोन मुलं करतायत. कन्व्हर्टर बरंचसं करतो, पण जोडाक्षरं हाताने तपासावी लागतात. १९९८ चा अंक झाला. १९९९ च्या अंकात प्रत्येक 'ष्ट'च्या जागी प्रश्नचिन्ह येतंय, आणि त्यात अध्यक्षांचं मनोगत सहा पानांचं आहे.